एक मैत्रीण वाचून दाखवायची

मंजूषा लघाटे पोळ्या लाटत होती तेव्हा जुईने मोबाइल तिच्या नाकासमोर आणून धरला.

"आई, ये देख ना! ही बाई एकदम मस्त आहे. तुझ्याच जमान्यातली, आणि मूळची आपल्या भोपाळची!"

पडद्यावर पन्नाशीतली एक बाई होती. पांढरे, अगदी बारीक कापलेले केस, मागे फळ्यांवर जुने कॉम्प्युटर मांडलेले. तिच्या हातात एक पातळ, रंगीत पुस्तक होतं. पुस्तकाची पाठ पिवळ्या टेपने चिकटवलेली होती.

मंजूषाने आधी ती टेप ओळखली, मग तो चेहरा.

"लंडनच्या मामाने पाठवलेला छोटासा काळा कॉम्प्युटर होता आमच्याकडे," ती बाई सांगत होती, "आणि हे पुस्तक. यातले गेम एकेक ओळ बघून टाइप करायचे, मगच खेळायला मिळायचे. माझी एक मैत्रीण वाचून दाखवायची आणि मी टाइप करायचे. अशी मी प्रोग्रॅमिंग शिकले."

"तू ओळखत असशील ना हिला?" जुईने विचारलं. "पिपलानीत राहायची म्हणते."

"पिपलानी काय एवढीशी आहे का?" मंजूषा म्हणाली आणि अर्धवट लाटलेली पोळी तव्यावर टाकली.

कारखान्याची टाउनशिप असलेली पिपलानी एवढीशी नव्हती, पण अलका दिघेचं क्वार्टर आणि मंजूषाचं क्वार्टर यांच्यामध्ये एक रस्ता आणि एक मैदान एवढंच होतं. मंजूषाचे वडील सुधाकर मुळ्ये चिपळूणहून कारखान्यात टेक्निशियन म्हणून आलेले. अलकाचे वडील इंजिनियर, त्यामुळे त्यांचं क्वार्टर मोठं, पुढे बाग आणि बागेत झोपाळा. दोघी टाउनशिपच्या शाळेत एकाच बाकावर बसायच्या.

गॅसकांडाला दीडेक वर्ष झालं होतं, तेव्हाची गोष्ट. कारखान्यात नवीन मशिन बसवायला आलेला एक इंग्रज इंजिनियर बायकामुलांसह मायदेशी परत निघाला. जाताना त्याने मासिकं, खेळणी, कपडे असं बरंच सामान वर्कशॉपमधल्या लोकांना वाटून टाकलं. सुधाकररावांच्या वाट्याला हे पुस्तक आलं. चित्रं छान होती म्हणून त्यांनी ते मुलींसाठी घरी आणलं. पानं सुटत होती, तेव्हा शॉपमधली वायरिंगची पिवळी टेप लावून त्यांनी पाठ पक्की करून दिली.

पुस्तकात 'बेसिक' नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेतले गेम होते. डाव्या पानावर चित्र आणि उजव्या पानावर प्रोग्रॅम. एका चित्रात गुहांनी पोखरलेला डोंगर होता आणि एका गुहेत तीन डोळ्यांचा हिरवा राक्षस दडून बसलेला. तो कुठल्या गुहेत आहे ते ओळखायचं.

मंजूषाने कॉम्प्युटर कधी पाहिलाही नव्हता. पण प्रत्येक ओळ काय करते ते मागच्या पानांवर सोप्या इंग्रजीत समजावून सांगितलेलं होतं. डिक्शनरी घेऊन तिने ती पानं वाचून काढली आणि मग स्वतःच कॉम्प्युटर झाली. धाकटी बहीण दीप्ती खेळणारी. एका डब्यात चिंचोके होते, त्यांवर आकडे घातलेले. मंजूषा डोळे मिटून एक चिंचोका काढायची आणि मुठीत ठेवायची. राक्षसाची गुहा ती. दीप्ती आकडा सांगायची. मंजूषा पुस्तकातल्या ओळींवरून बोट खाली खाली न्यायची. आकडा लहान असेल तर एक ओळ, मोठा असेल तर दुसरी. 'गोटू', म्हणजे अमक्या ओळीवर जा, असं आलं की बोट पुन्हा वर.

"अगं, लवकर सांग ना!" दीप्ती कंटाळायची.

"थांब. कॉम्प्युटर विचार करतोय," मंजूषा म्हणायची.

आणि मग उन्हाळ्याच्या सुट्टीत अलकाच्या मामाने लंडनहून खराखुरा कॉम्प्युटर पाठवला.

मंजूषा पुस्तक छातीशी धरून मैदान ओलांडून गेली. दिघ्यांच्या बैठकीत कूलर चालू होता, वाळ्याचा वास येत होता. टीव्हीला जोडलेली ती काळी वस्तू इतकी छोटी होती की मंजूषाला आधी तो टेलिफोनचाच काही प्रकार वाटला. बटणं रबराची, खोडरबरासारखी. अलका टाइप करायला बसली आणि मंजूषा वाचू लागली. ओ की शून्य, कॉमा की सेमीकोलन, सगळं खणखणीत आवाजात. दुपार सरली. तीनदा चूक निघाली, तीनदा दोघींनी ती शोधली. शेवटी गेम चालू झाला. पण पुस्तकात तीन डोळ्यांचा राक्षस होता तिथे पडद्यावर नुसती एक चांदणी उमटली.

"हा राक्षस?" अलका म्हणाली आणि दोघी इतक्या हसल्या की अलकाची आई आतून बघायला आली.

पहिले दोन दिवस आपण नुसतं वाचतोय याचं मंजूषाला काहीच वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी अलका पाणी प्यायला आत गेली, तेव्हा मंजूषा तिच्या जागेवर बसली. तिने 'पी' दाबलं आणि पडद्यावर 'प्रिंट' हा अख्खा शब्द उमटला. एका बोटात एक शब्द! तिने हात मागे घेतला, परत पुढे केला.

"मंजू," दारातून आवाज आला. अलकाची आई चिवड्याची बशी घेऊन उभी होती. "नाजूक वस्तू आहे गं ती. ज्याची त्याने हाताळलेली बरी. तू आपली वाच हो. तुझं वाचन फार छान आहे."

काकूंनी हे अगदी हसून सांगितलं आणि बशी तिच्या हातात दिली.

अलका परत आली. "अगं, बस ना. आता तू कर थोडं."

"नको," मंजूषा उठत म्हणाली. "मी वाचते."

त्यानंतर अलकाने कितीदा विचारलं आणि तिने कितीदा नको म्हटलं, त्याला गणतीच नाही. मंजूषा वाचत राहिली, पुस्तकही दिघ्यांकडेच राहिलं. एकदा मोठा प्रोग्रॅम संपत आला होता आणि लाइट गेली. दुपारभर केलेलं सगळं पुसलं गेलं. अलका रडायला लागली. मंजूषाने तिच्या पाठीवरून हात फिरवला, "परत करू गं" म्हणाली, आणि मनातून तिला इतकं बरं वाटलं की तिची तिलाच भीती वाटली.

अलका इंजिनियरिंगला पुण्याला गेली. निरोप द्यायला मंजूषा गेली तेव्हा ट्रंक उघडी होती आणि कपड्यांवर ते पुस्तक ठेवलेलं होतं. अलकाने ते जरासं उचललं, पुन्हा ठेवलं आणि कडी लावली. मागायला काहीच हरकत नव्हती, पण मागितलं असतं तर अलकाने सहज देऊन टाकलं असतं, आणि ते सहज देणं तिला नको होतं.

मंजूषाने भोपाळलाच बी.एस्सी. केलं, एम.सी.ए. केलं आणि एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायला लागली. शिक्षिका ती चांगली होती. लग्न उज्जैनच्या श्याम लघाट्यांशी झालं. माणूस शांत, जेवण झालं की झोपणारा. पुढे त्यांनी बाग सेवनियाला घर घेतलं, जुई झाली. मंजूषाचं बरं चाललं होतं. फक्त माहेरी गेली की चहा पिता पिता ती आईला विचारायची, "आणि अलकाचं काय?" अलका अमेरिकेत गेली. अलकाला मोठं पद मिळालं. अलकाने पुण्यात बंगला बांधला. घरी परतताना मंजूषा आपण कशाला विचारलं म्हणून चिडायची आणि पुढच्या खेपेला पुन्हा विचारायची. आईवडील गेले तेव्हा ते विचारणंही थांबलं.

आणि आता हा व्हिडिओ.

त्या आठवड्यात मंजूषाने शाळेच्या स्टाफरूममध्ये कानात इअरफोन घालून अलकाचे सगळे व्हिडिओ पाहिले. अलका बोलायची छान. जुने गेम ज्यांवर साठवलेले असायचे त्या कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घालून त्यातली किरकिर ऐकवायची आणि म्हणायची, "हा गेमचा आवाज आहे. तो गाणं म्हणतोय." लोक खाली लिहायचे, डोळ्यांत पाणी आलं, बालपण आठवलं. मंजूषाला वाटायचं, चिंचोक्यांचं कोणी सांगणार आहे का? पण चिंचोके अलकाला ठाऊकच नव्हते.

हे सगळं तिने पचवलं असतं. पण जुई!

जुई बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तिला प्रोग्रॅमिंग शिकवायचं म्हणून मंजूषाने आजवर काय काय केलं होतं. प्रत्येक वेळी एकच उत्तर, "आई, प्लीज, टीचर मोड बंद कर." आणि आता तीच जुई जेवणं झाल्यावर लॅपटॉप उघडून, अलकाने दाखवलेल्या पानावरून बेसिकच्या ओळी टाइप करत बसायची.

"अलका मॅम म्हणतात, नुसतं कॉपी करायचं नाही. एक ओळ बदलायची आणि काय बिघडतं ते बघायचं."

"मी हे तुला सातवीत सांगितलं होतं," मंजूषा म्हणाली.

"तू सांगितलं होतंस. त्या करून दाखवतात."

एकदा जुईचं कुठेतरी अडलं. मंजूषा मागे येऊन उभी राहिली. चूक तिला लगेच दिसली. ती तोंड उघडणार तोच जुईने पडद्याचा फोटो काढला आणि अलकाला पाठवून दिला. मंजूषा स्वयंपाकघरात गेली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासू लागली.

पुढच्या रविवारी दुपारी श्याम सोफ्यावर झोपले होते आणि त्यांचा मोबाइल पोटावर होता. जुई मैत्रिणीकडे गेली होती. मंजूषाने मोबाइल उचलला, तो व्हिडिओ काढला आणि खाली लिहिलं: "पुस्तक तुमचं नव्हतं. आणि त्या एका मैत्रिणीला नाव होतं."

लिहून तिला मोकळं वाटलं. चहा पिऊन झाला की पुसून टाकू, असं तिने ठरवलं. चहाला उकळी येईपर्यंत उत्तर आलंसुद्धा.

"मंजू? तूच ना? आणि हा गॉगलवाला कोण?"

श्याम यांचा पचमढीचा फोटो तिथे झळकत होता. खाली लोकांनी हसायला सुरुवात केली होती.

जुई घरी आली ती चपला न काढता आत. "बाबा! तुम्ही अलका मॅमना काय लिहिलंत?"

श्याम उठून बसले. "कोण अलका?"

"त्यांनी नाही," मंजूषा म्हणाली. "मी लिहिलंय."

जुईने आईकडे पाहिलं. मग मोबाइलकडे, मग परत आईकडे. "ती मैत्रीण म्हणजे तू आहेस? और तूने मुझे बताया तक नहीं? मी रोज तुझ्यासमोर बसून त्यांचे व्हिडिओ बघतेय!"

"म्हणूनच," मंजूषाच्या तोंडून गेलं. जुईला ते कळलं की नाही कोण जाणे. ती आपल्या खोलीत गेली.

खोलीतून तिने अलकाला सगळं कळवलं असणार, कारण अलकाचा फोन त्याच संध्याकाळी आला. तिचा आवाज तोच होता, जरा जाडा झालेला. ती पुढच्या महिन्यात भोपाळला येणार होती. तिची आई भावाकडे असते, साकेत नगरला. "ये गं. जुईला आण. त्या गॉगलवाल्यालाही आण."

श्याम आले नाहीत. मायलेकी स्कूटरवरून गेल्या. अलकाने दारातच मंजूषाला मिठी मारली. मंजूषानेही मारली. बरं वाटलं, हे तिला नाकारता येईना. मग अलका जुईला म्हणाली, "आणि तू ती प्रश्न विचारणारी! शार्प आहेस हां एकदम," आणि जुईचा चेहरा असा खुलला की मंजूषाने दुसरीकडे पाहिलं.

काकू खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. अगदी लहानशा झाल्या होत्या, कानाने कमी ऐकू येत होतं. "सुधाकररावांची मंजू," अलकाने कानाशी जाऊन सांगितलं. काकू हसल्या आणि त्यांनी मंजूषाचा हात धरून ठेवला.

अलकाने पुस्तक टेबलावर ठेवलं. "खरंच तुझं आहे हे? मला आजवर वाटायचं, मामाने कॉम्प्युटरबरोबरच पाठवलं."

"टेप बघ. बाबांच्या शॉपमधली आहे."

अलकाने पुस्तकाच्या पाठीवरून बोट फिरवलं. "मी विसरले गं. अगदी साफ विसरले." मग तिने पुस्तक मंजूषासमोर सरकवलं. "घे."

राहू दे, असं म्हणायची पद्धत असते. मंजूषा तसं म्हणाली नाही. तिने पुस्तक उचललं आणि पर्समध्ये ठेवलं.

"आणि नाव?" तिने विचारलं. "नाव का नाही घेतलंस?"

"तू कुठे सापडतच नाहीस. न विचारता सगळ्यांसमोर कसं नाव घेऊ?" अलका म्हणाली. उत्तर बरोबर होतं, म्हणून मंजूषाला ते आणखी टोचलं. "पण खरं सांगू? तुझा मला रागच यायचा तेव्हा. मी कितीदा म्हणायचे, बस, तू टाइप कर. तू आपली नको, नको. मला वाटायचं, हिला हे हमाली काम वाटतं. बाईसाहेब फक्त वाचणार."

मंजूषाने अलकाकडे पाहिलं. म्हणजे इतकी वर्षं हिला हे असं वाटत होतं. एक वाक्य बोललं की पुरे होतं. ते तिच्या जिभेवर आलंही. तेवढ्यात काकू आपणहून म्हणाल्या, "मंजूचं वाचन फार छान होतं हो."

आणि त्यांनी तिचा हात थोपटला.

"हो काकू," मंजूषा मोठ्याने म्हणाली. "तुम्ही म्हणायचात तसं."

अलकाने पुण्याहून तो काळा कॉम्प्युटर आणला होता. तिने तो टीव्हीला जोडला आणि खुर्ची ओढली. "आज तुला सोडणार नाही. तू बस, मी वाचते. पुस्तक काढ."

मंजूषा बसली. तिने 'पी' दाबलं. 'प्रिंट.' रबराचं बटण बोटाखाली जरा दबलं आणि परत वर आलं. तिला वाटलं होतं, रडू येईल. रडू आलं नाही, राग आला. इतकं साधं होतं हे! एवढ्याशा गोष्टीपायी ती आयुष्यभर आतल्या आत धुमसत राहिली होती, आणि दुसऱ्या कुणाला त्याचा पत्तासुद्धा नव्हता.

अलका वाचायला अगदीच वाईट होती. घाईघाईने वाचायची, चिन्हं गाळायची.

"कॉमा की सेमीकोलन? नीट सांग!"

"काय फरक पडतो?"

"काय फरक पडतो? तू व्हिडिओ करतेस ना लोकांसाठी?"

"देवा! मी कुठून बसवलं हिला," अलका म्हणाली. जुई हसत सुटली. राक्षसाचा गेम चालू व्हायला तासभर लागला, आणि चांदणी उमटली तेव्हा जुई म्हणाली, "बस? इतना ही?" त्यावर दोघी एकदम तिच्यावर ओरडल्या.

परतताना होशंगाबाद रोडच्या सिग्नलला जुईने मागून विचारलं, "आई, तू नको का म्हणायचीस तेव्हा?"

सिग्नल लांबलचक होता. मंजूषाने तिला चिवड्याची बशी आणि ते वाक्य सांगितलं.

"मग आज बोलायचं ना!" जुई चिडली. "त्या समोर बसल्या होत्या."

"त्यांना आता धड ऐकू येत नाही."

"पण अलका मावशीला तरी सांगायचं."

"तिची आई आहे ती, जुई."

जुईने आईच्या खांद्यावर हनुवटी टेकवली. सिग्नल सुटल्यावर म्हणाली, "मग आता गेला का तुझा राग?"

"नाही," मंजूषा म्हणाली आणि गाडी पुढे काढली.

पुण्याला परतल्यावर अलकाने नवीन व्हिडिओ केला. पुस्तक सुधाकर मुळ्यांनी मुलींसाठी आणलं होतं, त्यांची मंजूषा आपल्याला वाचून दाखवायची, ती आज भोपाळला शेकडो मुलांना शिकवते, असं तिने सगळं सांगितलं. मंजूषाने तो व्हिडिओ पाहिला आणि खाली लोकांनी लिहिलेलं सगळं वाचलं. 'अलका मॅम, किती मोठं मन तुमचं!' असं बहुतेकांनी लिहिलं होतं. मंजूषा त्यावर आठवडाभर धुमसली. मग शाळेत अकरावीच्या वर्गात ते पुस्तक घेऊन गेली, दोघादोघांच्या जोड्या केल्या, एकाने वाचायचं आणि एकाने टाइप करायचं, आणि अर्ध्या तासाने सगळ्यांना जागा बदलायला लावल्या. कोणी "नको मॅम, मी वाचतो" म्हटलं की ती ऐकून घेत नव्हती.

जुई आता एक गेम स्वतः लिहिते आहे. तलावातल्या मगरीचा. संध्याकाळी बाल्कनीत बसून ती अलकाशी त्यावर तासतासभर बोलते, हसते, "अरे मावशी, सुनो तो!" म्हणते. आईशी ती इतकं बोलत नाही. मंजूषा आत भाजी परतत असते आणि तिला एकेक शब्द ऐकू येत असतो.

परवा जुई म्हणत होती, "मगर एकाच जागी फिरतेय, मावशी, पुढे जातच नाही." पलीकडून अलकाने काहीतरी लांबलचक समजावलं. मंजूषाला ते चुकीचं वाटलं. निदान, अपुरं वाटलं. तिने गॅस बंद केला, पदराला हात पुसत बाल्कनीत गेली आणि जुईच्या शेजारी बसली.

"स्पीकरवर टाक," ती म्हणाली. "मला पण बोलायचंय."